ब्लोअर किल्लीवर जोडावा का?

नमस्कार. तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या लेक लनीअर या तलावावर तुम्ही मागच्या हिवाळ्याआधी एक जुनी बोट घेतलीत. २००१ सालची, १९ फुटी, मागच्या कप्प्यात ४.३ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन आत आणि पंखा फिरवणारा भाग मागे बाहेर. त्या कप्प्यातला ब्लोअर, म्हणजे आतली हवा आणि वाफ बाहेर फेकणारा विजेचा पंखा, किल्ली 'ऑन' केली तरच चालतो, एरवी त्याचं बटण दाबून काहीच होत नाही. तुम्हाला ही सोय वाटते, कारण किल्ली फिरवली की ब्लोअर आपोआप सुरू होतो, विसरायचा प्रश्न नाही. शेजारच्या बोटवाल्याने मात्र 'हे धोक्याचं आहे' असं सांगितलं. शिवाय ब्लोअरचा १० अँपिअरचा फ्यूज दोनदा उडाला, म्हणून तुम्ही तिथे २० चा घातलात. आता बरोबर काय, आणि हे काम स्वतः करता येईल का, असं तुम्ही विचारताय.

शेजारी बरोबर सांगतोय. ब्लोअरची वायर किल्लीपासून पूर्ण वेगळी हवी. २० चा फ्यूज आजच काढा. काम तुम्हाला घरी करता येईल, अवघड नाही. पण मला तुमच्या प्रश्नामागे दुसरा एक प्रश्न दिसतो आणि जास्त काळजी त्याची वाटते: इंजिन सुरू करण्याच्या क्षणी कप्प्यात पेट्रोलची वाफ नाही, हे तुम्हाला कशावरून कळतं? ब्लोअरच्या आवाजावरून कळतं असं उत्तर असेल, तर वायर नीट जोडूनही धोका तसाच राहील.

मी रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा. वडील तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, होते, लहानपण डिझेलच्या बोटींवर गेलं. आमच्याकडे इंजिनाच्या खोलीत पंखा असायचा तो उष्णता बाहेर काढायला आणि इंजिनाला हवा मिळावी म्हणून. तो बंद पडला तर घामाने जीव जायचा, पण बोट उडेल असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. वीस वर्षांपूर्वी इथे अमेरिकेत चेसापीक बे या उपसागरावर बोटींच्या वायरिंगचं काम सुरू केलं तेव्हा मी तीच समजूत घेऊन आलो होतो. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला एका पेट्रोल बोटीच्या इंजिनाचं झाकण उघडायला लावलं, गुडघ्यावर बसून नाक तळापर्यंत न्यायला लावलं आणि मगच हातात पाना दिला. आजही मी कुठल्याही पेट्रोल बोटीवर आधी तेच करतो.

कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली वाहते आणि बोटीच्या तळाशी, ज्याला आपण सगळे बिल्ज म्हणतो तिथे, साचून राहते. मोटारीत गळती झाली तर वाफ खालून रस्त्यावर निघून जाते. बोटीचा तळ मात्र पाणी आत येऊ नये म्हणून बंदच असतो, त्यामुळे वाफेलाही वाट नसते. हवेत साधारण १.४ टक्के पेट्रोलची वाफ झाली की मिश्रण पेट घेऊ शकतं. तुमचा कप्पा इंजिनाची जागा वजा करून ४० घनफुटांचा धरू, म्हणजे सुमारे ११३० लिटर. त्याचे १.४ टक्के म्हणजे जेमतेम १६ लिटर वाफ. एवढी वाफ व्हायला १०० मिलिलिटरपेक्षा कमी पेट्रोल पुरतं, एका कटिंग चहाइतकं. आणि हा हिशोब वाफ सगळीकडे सारखी पसरली असं धरून आहे. प्रत्यक्षात ती तळाशी थर करून असते, म्हणून त्याहून कमी पेट्रोलही पुरतं. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडतं, तेव्हा थंडी आहे म्हणून काळजी नको हेही खरं नाही.

आता किल्ली 'ऑन' केल्यावर काय होतं ते पाहा. स्टार्टर अजून फिरलेला नसतो, पण इग्निशनच्या, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या, सर्किटला वीज मिळालेली असते. तुमचं इंजिन फ्युएल इंजेक्शनचं असेल तर त्याच क्षणी इलेक्ट्रिक पंप दोनेक सेकंद चालून पेट्रोलच्या नळीत दाब भरतो. नळी चिरलेली असेल किंवा एखादा जोड सैल असेल, तर दाबाखालचं पेट्रोल कप्प्यात फवारलं जायची हीच वेळ. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर चार मिनिटं चालवायचा असतो. कार्बोरेटरचं जुन्या पद्धतीचं इंजिन असेल तर तेवढा वेळ किल्ली 'ऑन' ठेवल्याने ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल विनाकारण तापते. ब्लोअरचं काम या सगळ्याच्या आधीचं आहे. कप्पा स्वच्छ करायचा, खात्री करायची आणि मग किल्लीला हात लावायचा. किल्लीवर जोडलेला ब्लोअर हा क्रमच उलटा करतो. आणि माणसाचा हात किल्ली 'ऑन'वर चार मिनिटं थांबत नाही, तो पुढे फिरतोच. म्हणजे ब्लोअर आणि स्टार्टर जवळपास एकाच वेळी सुरू होतात.

तुमच्या बोटीत असं का झालं असेल, याचा माझा अंदाज सांगतो. डॅशबोर्डमागे हात घालाल तेव्हा ब्लोअरच्या स्विचला किल्लीकडून आलेली एक जांभळी वायर सापडेल, बहुधा मूळ वायरिंगपेक्षा वेगळ्या बनावटीच्या टर्मिनलने जोडलेली. अमेरिकन बोटींत जांभळा रंग किल्लीनंतरच्या इग्निशन सर्किटचा. आधीच्या मालकाने हे सोयीसाठी केलं असेलही, पण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा कारण दुसरंच असतं: ब्लोअरची मूळ वायर कुठेतरी मेली, कुजलेला जोड शोधण्यापेक्षा जवळची जिवंत वायर जोडून मोकळं व्हायचं. तसं असेल तर तो मेलेला जोड अजून तुमच्या बोटीत आहे. म्हणून नुसती जांभळी वायर काढून भागणार नाही, मूळ वायर का मेली हे शोधायला हवं.

मूळ रचना साधी असते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मुख्य स्विच, तिथून डॅशबोर्डवरच्या फ्यूज पॅनेलला जाणारी जाड लाल वायर, पॅनेलमध्ये ब्लोअरचा स्वतःचा फ्यूज किंवा ब्रेकर, मग ब्लोअरचा स्विच, तिथून मागे ब्लोअरपर्यंत वायर, आणि ब्लोअरची निगेटिव्ह परत निगेटिव्ह बस बारवर, म्हणजे सगळ्या निगेटिव्ह वायरी एकत्र येतात त्या पट्टीवर. मधे किल्ली कुठेच नाही. स्विचपासून ब्लोअरकडे जाणारी वायर बहुधा तपकिरी, त्यावर पिवळी रेघ अशी असते. जुन्या बोटींत ती नुसती पिवळी असायची. इथे एक सावधगिरी: अलीकडे पिवळा रंग निगेटिव्हसाठीही वापरतात. तुमची बोट पंचवीसेक वर्षांची आहे आणि तिच्यात किती जणांनी हात घातलाय कुणास ठाऊक. रंगावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक वायर मल्टिमीटरने तपासा.

नवी वायर ओढावी लागली तर तांब्याचे बारीक तंतू असलेली, कथिलाचा मुलामा दिलेली बोटीची वायर घ्या. घरातली एकसंध तांब्याची तार कंपनाने तुटते. जाडी ठरवताना मात्र लोक हमखास चुकतात, म्हणून हिशोब करून दाखवतो. बॅटरी मागे, ब्लोअर मागे, पण स्विच पुढे डॅशबोर्डवर. त्यामुळे वीज पुढे जाऊन परत मागे येते. जाऊन-येऊन ३० फूट धरू आणि ब्लोअर ५ अँपिअर घेतो असं समजू. वायरीची जाडी गेजमध्ये मोजतात, आकडा लहान तितकी वायर जाड. १६ गेजच्या वायरीत ०.६ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे ५ टक्के. १४ गेजमध्ये ०.३८ व्होल्ट, तीन टक्क्यांच्या किंचित वर. १२ गेजमध्ये ०.२४ व्होल्ट, दोन टक्के. बोटींच्या वायरिंगसाठी इथे जे एबीवायसी या अमेरिकन बोट संस्थेचे निकष पाळले जातात, त्यात ब्लोअरला तीन टक्क्यांची मर्यादा आहे, दिशादर्शक दिव्यांसारखीच. साध्या दिव्यांना दहा टक्के चालतात, ब्लोअरला नाही, कारण व्होल्टेज कमी झालं की पंखा हळू फिरतो आणि हवा त्याच प्रमाणात कमी निघते. आवाजात हा फरक फारसा कळतही नाही. मी तुमच्या जागी १२ गेज घेईन.

जोड क्रिम्प करून, म्हणजे टर्मिनल वायरीवर पकडीने दाबून, वर आतून गोंद असलेली नळी तापवून आवळलेले हवेत. ते तळाच्या पाण्यापासून जितके वर ठेवता येतील तितके ठेवा आणि वायर साधारण दर दीड फुटावर बांधा. काम सुरू करण्याआधी झाकण उघडून कप्पा चांगला हवेशीर होऊ द्या, वास घ्या, आणि वास अजिबात नसेल तरच बॅटरीची निगेटिव्ह सोडवा. घरी काम करण्याची माझी अट हीच. बॅटरीचं टर्मिनल सुटताना ठिणगी पडू शकते.

आता फ्यूजबद्दल. फ्यूज दोनदा उडाला ही तुम्हाला मिळालेली सूचना होती. ब्लोअरची मोटर जुनी झाली, बेअरिंग गंजलं, पंख्यात काही अडकलं, की ती जास्त वीज ओढते. कधी वायरीचं आवरण एखाद्या धारदार कडेवर घासलेलं असतं. १० च्या जागी २० चा घातल्याने बिघाड गेला नाही, फ्यूज गप्प झाला इतकंच. अडकलेली मोटर १२-१५ अँपिअर खात तापत राहील आणि फ्यूज उडणार नाही, तेही पेट्रोलच्या कप्प्यात. ब्लोअरच्या अंगावरच्या लेबलवर किती अँपिअरचा फ्यूज हवा ते लिहिलेलं असतं, तेवढाच घाला. तो उडाला तर कारण शोधा. फ्यूजची जागाही महत्त्वाची आहे. तुम्ही पॅनेल सोडून दुसरीकडून वीज घेतलीत तर जिथून घेता तिथून सात इंचांच्या आत फ्यूज बसवा, म्हणजे त्यापुढची सगळी वायर सुरक्षित राहते.

मोटर खराब निघाली तर बदलताना एका गोष्टीवर अजिबात तडजोड नको. मोटरमध्ये ब्रश असतात आणि ब्रशमधून ठिणग्या उडतात, हे नेहमीचंच आहे. बोटीच्या ब्लोअरची मोटर अशी बांधलेली असते की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवत नाही. त्याला 'इग्निशन प्रोटेक्टेड' म्हणतात, आणि लेबलवर तसं किंवा एसएई जे११७१, आयएसओ ८८४६ यांपैकी एखादा निकष लिहिलेला असतो. मी मोटारीच्या रेडिएटरचा पंखा लावलेला पाहिलाय. चालत होता, हवाही भरपूर फेकत होता. पण ती वाफ काढण्याच्या नावाखाली वाफेत ठिणगी सोडणं आहे. हाच नियम स्टार्टरला, अल्टरनेटरला आणि त्या कप्प्यात असलेल्या प्रत्येक स्विचला, रिलेला लागू आहे. मोटारीच्या दुकानातला अल्टरनेटर दिसायला अगदी तसाच असतो, बोल्टही जुळतात, किंमत कमी असते. घेऊ नका.

ब्लोअर बसवताना पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटसुलट झालं तर मोटर उलटी फिरते. नळीत बसणाऱ्या बऱ्याच ब्लोअरमध्ये मग हवा उलट दिशेने, म्हणजे बाहेरून आत, जायला लागते. आवाज तोच. म्हणून जोडणी झाल्यावर कागदाचा एक हलका तुकडा घ्या. बोटीच्या अंगावरच्या, हवा बाहेर सोडणाऱ्या झरोक्यापाशी तो बाहेर ढकलला गेला पाहिजे, आणि आतल्या नळीच्या तोंडाशी तो ओढून चिकटला पाहिजे. काही जण धूर कुठे जातो ते पाहायला उदबत्ती लावा असं सुचवतात. पेट्रोलच्या कप्प्याजवळ उदबत्ती कधीही नको, कप्पा कितीही स्वच्छ वाटला तरी.

आता आवाजाबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. काही वर्षांपूर्वी एक कुटुंब वसंतात पहिल्यांदा बोट पाण्यात उतरवत होतं. मी शेजारच्या बोटीवर काम करत होतो. त्यांनी टाकी भरली, ब्लोअर लावला, चांगला जोरात वाजत होता, चार मिनिटं मोजलीसुद्धा. त्या बाईंनी सवयीने झाकण उचललं आणि थांबल्या. म्हणाल्या, वास येतोय. मला हाक मारली. पाहिलं तर ब्लोअरची खालची नळी त्याच्या तोंडातून निसटून मागे पडली होती. ब्लोअर कप्प्याच्या वरच्या भागातली स्वच्छ हवा ओढून बाहेर फेकत होता, तळाला स्पर्शही करत नव्हता. आणि टाकी भरायच्या नळीचा एक क्लॅम्प चिरला होता, तिथून भरताना थोडं पेट्रोल गळलं होतं. वायरिंग उत्तम होतं. फ्यूज बरोबर होता. चार मिनिटंही बरोबर होती. त्या दिवशी त्यांना वाचवलं ते झाकण उचलण्याच्या सवयीने.

तेव्हा वायरला हात लावण्याआधी नळी तपासा. ब्लोअर कप्प्यात वरच्या बाजूला असावा, त्याची ओढणारी नळी खाली जावी आणि तिचं तोंड कप्प्याच्या खालच्या तिसऱ्या भागात, पण तळाशी नेहमी साचणाऱ्या पाण्याच्या वर, पक्कं बांधलेलं असावं. सैल सोडलेलं तोंड पाण्यात पडलं की हवा बंद. नळी मधेच लोंबली तर त्या झोळात पाणी साचतं आणि तिथेही हवा अडते. इंजिनाचं काम करताना कुणीतरी पाय देऊन नळी चेपलेली असते. प्रत्येक वळणाला हवा थोडी कमी होते, म्हणून नळी शक्य तितकी छोटी आणि सरळ हवी. तुमची बोट हिवाळाभर झाकून उभी होती, तेव्हा दोन्ही झरोक्यांत आणि नळ्यांत गांधीलमाश्यांची घरं आणि उंदरांची घरटी आहेत का ते टॉर्च मारून पाहा. मला दर वसंतात सापडतात. आणि हवा आत येण्याचा झरोका पाणी उडतं म्हणून कुणी बुजवलेला नाही ना हेही बघा. आत हवा येणार नसेल तर ब्लोअर बाहेर काय काढणार?

चार मिनिटंच का, हे कळलं की नळीचं महत्त्व आणखी पटेल. अमेरिकेत पेट्रोल इंजिन आत बसवलेल्या बोटींना ब्लोअर लावण्याचा नियम ३१ जुलै १९८० नंतर बांधलेल्या बोटींना लागू आहे. तुमच्या डॅशबोर्डवर किल्लीजवळ एक इशाऱ्याचं लेबल असेल, नसेल तर लावून घ्या. पेट्रोलची वाफ स्फोटक असते, इंजिन सुरू करण्याआधी ४ मिनिटं ब्लोअर चालवा आणि कप्प्याच्या तळाशी वाफ आहे का ते तपासा, असा त्याचा अर्थ. त्याच नियमात ३४ ते १०० घनफुटांच्या कप्प्यासाठी हिशोब दिलाय: ब्लोअरची छापील क्षमता मिनिटाला कप्प्याच्या दीडपट हवी, आणि बसवल्यावर प्रत्यक्षात निघणारी हवा किमान ०.६ पट. नळी आणि वळणं किती खातात ते या दोन आकड्यांतच दिसतं. ०.६ गुणिले ४ म्हणजे चार मिनिटांत कप्प्याच्या २.४ पट हवा बाहेर जाते. आत हवा नीट मिसळत असेल तर तेवढ्यात मूळ वाफेचा साधारण अकरावा भाग उरतो. नळी चेपल्यामुळे हवा निम्मी झाली तर त्याच चार मिनिटांनंतर सुमारे तीस टक्के वाफ आत राहते. म्हणजे नियमातली चार मिनिटं नळी धड आहे असं गृहीत धरून आहेत. मी स्वतः जुन्या बोटीवर पाच-सहा मिनिटं चालवतो. आणि लेबलवरचं दुसरं वाक्य, 'तपासा' हे, लोक वाचतच नाहीत.

वापरण्याचा क्रम माझा असा आहे. आधी झाकण उघडायचं आणि नाक खाली नेऊन वास घ्यायचा, कुठलाही स्विच न लावता. मुख्य बॅटरी स्विच त्याच कप्प्यात असेल तर हे आणखी गरजेचं. वास नसेल तर मुख्य स्विच, मग ब्लोअर. बाहेरच्या झरोक्यावर हात धरून हवा येतेय ना ते पाहायचं. चार मिनिटं झाली की पुन्हा वास. मग किल्ली. धक्क्यापासून दूर जाईपर्यंत आणि मंद वेगात असेपर्यंत ब्लोअर चालूच ठेवायचा, कारण बोट वेगात असली तरच झरोक्यांतून हवा आपोआप खेळते. बोट पाण्यावर उचलली जाऊन वेगाने धावायला लागली की बंद केला तरी चालतो. परत मंद झालात की पुन्हा सुरू.

लेक लनीअरसारख्या तलावावर एक प्रसंग रोज येतो आणि तिथेच लोक चुकतात. दुपारी एखाद्या खाडीत नांगर टाकता, इंजिन बंद, मुलं पोहतात, तासाभराने निघायचं. सकाळी ब्लोअर चालवलाच होता, मग आता कशाला? पण तापलेलं इंजिन बंद झाल्यावर त्याची उष्णता कप्प्यातच राहते आणि त्या उष्णतेने कुठेही असलेलं पेट्रोल जास्त वाफ सोडतं. थंड सकाळपेक्षा ही वेळ जास्त धोक्याची. इंजिन बंद झालं की प्रत्येक वेळी पहिल्यापासून: झाकण, वास, चार मिनिटं, वास.

पेट्रोल भरताना याच्या उलट. सगळी माणसं धक्क्यावर, इंजिन बंद, सगळी वीज बंद, झाकणं बंद आणि ब्लोअरही बंद. ब्लोअर कप्प्यातली हवा बाहेर ओढतो तेव्हा तेवढीच हवा झरोक्यातून आत येते, आणि भरण्याच्या तोंडापाशी असलेली वाफ तिच्याबरोबर आत जाऊ शकते. भरून झालं, सांडलेलं पुसलं, टाकीचं झाकण लावलं, की मग वरचा सगळा क्रम.

आणि वास आलाच तर? चार मिनिटांनंतरही हलका वास राहिला तर इंजिन सुरू करायचं नाही, गळती शोधायची. झाकण उचलताच उग्र वास आला किंवा तळाशी पेट्रोल दिसलं, तर काहीही लावायचं नाही आणि काहीही बंद करायचं नाही, ब्लोअरसुद्धा नाही. झाकण उघडं ठेवून माणसं धक्क्यावर उतरवायची आणि मरीनाला, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्याच्या चालकांना, सांगायचं. पाण्यात असाल तर लाइफ जॅकेट घालून सगळे पुढच्या टोकाला, आणि तिथूनच मदत मागायची. ब्लोअर राहिलीसाहिली वाफ काढण्यासाठी आहे. सांडलेलं पेट्रोल तो काढू शकत नाही, ते पुन्हा पुन्हा वाफ सोडत राहतं.

नाकालाही मर्यादा आहेत. पेट्रोल भरल्यावर हातालाच वास असतो, आणि थोड्या वेळाने नाक त्या वासाला सरावतं. सर्दी असेल किंवा कोविडनंतर वास नीट येत नसेल तर घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला वास घ्यायला सांगा. वाफ ओळखणारं यंत्र मिळतं, तळाजवळ सेन्सर बसवतात. जरूर लावा, पण झाकण उचलणं सोडू नका.

तुमची मूळ भीती विसरण्याची होती आणि ती खरी आहे. चार मिनिटं ब्लोअर चालल्याशिवाय स्टार्टर फिरूच देणार नाही, असा टायमर लावता येतो. मी तो लावत नाही. टायमरला फक्त वीज गेली एवढंच कळतं, नळी निसटलीय हे कळत नाही, आणि माणूस मात्र निर्धास्त होतो. शिवाय वाऱ्याने बोट खडकाकडे ढकलली जात असताना इंजिन बंद पडलं, तर चार मिनिटं हातावर हात ठेवून बसावं लागेल. मंद वेगात ब्लोअर चालूच ठेवायचा तो याचसाठीही: तो सतत चालू असेल तर अशा वेळी लगेच पुन्हा सुरू करण्यात निदान अर्थ आहे. विसरू नये म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकांना एवढंच सांगतो: बोटीची किल्ली डॅशबोर्डवर ठेवू नका, ती इंजिनाच्या झाकणाच्या कडीला बांधा. किल्ली हवी तर झाकणापाशी जावंच लागतं.

हे सगळं आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनासाठी आहे. डिझेलला बरंच तापल्याशिवाय पेटण्याजोगी वाफ सुटत नाही, तिथे ब्लोअरचं काम उष्णतेचं आणि हवेचं, त्यामुळे तो किल्लीवर जोडला तरी बिघडत नाही. गावी कुणी हे वाचत असेल तर कोकणातल्या मासेमारीच्या डिझेल बोटींना ही काळजी लागू नाही. किनाऱ्यावरच्या लहान स्पीडबोटींची पेट्रोल इंजिनं बहुतेक मागे बाहेर टांगलेली असतात, त्यांना बंद कप्पाच नसतो. पण त्यांची पेट्रोलची टाकी किंवा कॅन बंद फळीखाली ठेवला असेल तर वाफ तिथेही साचते, आणि तिथे ब्लोअरही नसतो. अशी टाकी मोकळ्या हवेत ठेवा.

तुम्ही नवा ब्लोअर विकत घ्यायच्या आधी माझ्यासाठी दोन मापं घ्या. जांभळी वायर काढून सर्किट पॅनेलवर आणल्यावर, झाकण उघडं ठेवून, वास नाही याची खात्री करून, मल्टिमीटरच्या क्लिपा आधीच ब्लोअरच्या दोन टोकांना लावून मग ब्लोअर सुरू करा आणि तिथलं व्होल्टेज लिहून ठेवा. ते बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा ०.४ पेक्षा जास्त कमी असेल तर बिघाड वायरीत किंवा जोडांत आहे, आणि बहुधा निगेटिव्हच्या बाजूला. मग त्याच सर्किटवर अँपिअर मोजा आणि लेबलवरच्या आकड्याशी ताडून पाहा. जास्त असेल तर मोटर गेली. हे दोन आकडे आणि नळीचं खालचं तोंड दिसेल असा एक फोटो पाठवा, काय बदलायचं आणि काय ठेवायचं ते सांगतो. तोवर बोट ट्रेलरवरच राहू द्या.